एका दिवसाची खानावळ

६ जुलै, शनिवार

करून बसले एकदाची. खानावळींच्या दिवसासाठी नाव देऊन आले. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी आमच्या हिउमा बेटावर लोक अंगणात टेबलं मांडतात, फाटकावर पाटी लावतात आणि येईल त्याला दिवसभर जेवू घालतात. आजवर मी दुसऱ्यांच्या अंगणात बसून नाक मुरडत खाल्लं. यंदा लोकांनी माझ्या अंगणात येऊन नाक मुरडावं. नाव लिहून घेणाऱ्या मुलीनं विचारलं, "साल्मेबाई, तुमच्याकडे काय मिळणार?" माझ्या तोंडून निघून गेलं, "धुरी दिलेला लेपा मासा, नवे बटाटे आणि आंबट सायीतला शेपू."

घरी येता येता सायकलवरच घाम फुटला. लेप्यांना धुरी द्यायचं काम जन्मभर माझ्या नवऱ्यानं, युहाननं केलं. मी नुसते खाल्ले. तो गेल्यापासून त्या धुराच्या खोलीचं दार मी उघडलेलं नाही. पण आता मागे फिरणं नाही. आतून नुसत्या उकळ्या फुटतायत, साठी उलटलेल्या बाईला शोभत नाही इतक्या.

७ जुलै, रविवार

पिरेटला फोनवर सांगितलं. ती गप्प. माझी लेक गप्प बसली की मला मुख्याध्यापिका समोर उभी असल्यासारखं वाटतं. मग म्हणाली, "आई, फेब्रुवारीत बर्फावर घसरून विहिरीपाशी पडली होतीस. मनगट मोडलं होतं. सप्टेंबरात टॅलिनला माझ्याकडे राहायला यायचं ठरलंय ना आपलं?"

ठरलंय तिचं. राजधानीतल्या तिच्या घरात माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय म्हणे. त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. मी म्हटलं, पैज लाव. त्या दिवशी माझं अंगण माणसांनी भरलं तर टॅलिनचं नाव पुन्हा काढायचं नाहीस. नाही भरलं तर मी मुकाट्यानं बोचकं बांधते.

"भरलं म्हणजे नेमकं काय?" तिनं विचारलं. हिशेबतपासनीस आहे ती.

"बसायला जागा उरली नाही म्हणजे भरलं."

"कबूल," ती म्हणाली. फोन ठेवून मी घरातल्या खुर्च्या मोजल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात मी आयुष्य काढलं. तिथे मुलांना खावंच लागायचं, जाणार कुठे? स्वतःच्या पायांनी चालत माझ्या हातचं खायला कोणी येईल की नाही, हे मला आजवर कळलेलंच नाही. आणि कळणार ते अशा दिवशी, ज्या दिवशी घर पणाला लागलंय.

९ जुलै, मंगळवार

कॉफी चुलीवर ठेवते न ठेवते तो एवाल्ड दारात. वाटेपलीकडे राहतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. होडी, जाळी आणि एक बोका एवढा त्याचा संसार. रोज सकाळी येतो आणि म्हणतो, "करवत आहे का?" मी म्हणते आहे. मग तो बसतो, कॉफी पितो आणि करवत न घेताच जातो. फेब्रुवारीतही तो करवत मागायलाच आला होता आणि मी विहिरीपाशी आडवी सापडले. नशीब माझं, की या माणसाचा कंजूषपणा सुटत नाही, नाहीतर कधीच स्वतःची करवत घेतली असती. गंमत अशी की ज्या दिवशी मला उठायला उशीर होतो, नेमकी त्याच दिवशी त्याला करवत लवकर लागते.

खानावळीचं सांगितलं. तोंडावरची रेषा हलली नाही. म्हणाला, "लेपे मी देईन. धुरी तू दे. लोकांना दवाखाना कोण देणार?"

हिउमाचा माणूस असाच. थट्टा करताना चेहरा दगडाचा. बाहेरच्यांना कळत नाही, ते बिचारे गोंधळतात. आम्हाला एकमेकांचं बरोबर कळतं.

१२ जुलै, शुक्रवार

धुराची खोली उघडली. युहानच्या वडिलांची जुनी होडी मधोमध कापून उभी केलेली आहे, तीच ती खोली. आत शिरले आणि वासानं डोळे भरून आले. मग शिंकाही आल्या, तेव्हा रडणं आपोआप थांबलं.

एवाल्डनं पहाटेची जाळी ओढून टोपलीभर लेपे आणले. साफ केले, मिठाच्या पाण्यात ठेवले, सळीवर ओवून टांगले. खाली आल्डरची लाकडं पेटवली. दुपारी दार उघडलं तर सगळे कसे सोनेरी, मी तर नाचायचीच बाकी होते. एक तोंडात घातला आणि थुंकला. कडूजहर.

एवाल्डनं मात्र अख्खा खाल्ला. सावकाश, काटे एका बाजूला लावत. मग म्हणाला, "एक घरी नेतो. बुटाचा तळ गेलाय."

"दोन ने. दुसऱ्या बुटाचाही जाईल."

जाताना फाटकापाशी थांबून, जसं काही हवामानाबद्दल बोलतोय असं बोलला, "युहान आल्डरची साल काढायचा. सालीनं कडवटपणा येतो." हे आधी सांगता आलं नसतं का? म्हणे, मी विचारलं नव्हतं.

१५ जुलै, सोमवार

साल काढून दिली धुरी. शेवटी जुनिपरची हिरवी डहाळी टाकली. झाले. असे झाले की मी होडीच्या खोलीबाहेर उभ्या उभ्याच दोन फस्त केले, हाताला तेल, हनुवटीला तेल. हाच तो. हाच युहानचा लेपा. नाही, खरं लिहायचं तर त्याच्यापेक्षा थोडा बरा, तो मीठ कमी घालायचा. हे इथे लिहायला हरकत नाही, तो वाचणार नाही.

एवाल्डनं काही म्हटलं नाही. शेपटीपर्यंत कुरतडून काटे बशीत ठेवले आणि स्वयंपाकघरभर नजर फिरवली. मग म्हणाला, "तुझ्या या खिडकीपाशी एका खुर्चीची जागा आहे."

"आहे. मग?"

"माझ्याकडे एक खुर्ची आहे."

"खुर्ची आण. तू घरी राहा."

बऱ्यापैकी उत्तर दिलं असं मला वाटलं. तोही मान हलवून गेला.

१६ जुलै, मंगळवार

खुर्ची घेऊन आला. खरंच आणली. हात असलेली, जुनी, बसून बसून गुळगुळीत झालेली. खानावळीला खुर्च्या लागणारच म्हणून मी ठेवून घेतली. अंगणात नेत होते तर म्हणाला, पावसात खराब होईल, खिडकीपाशी असू दे. असू दे तर असू दे.

२३ जुलै, मंगळवार

आठवडाभर लिहायला वेळ नाही. बटाट्यांची पहिली काढणी झाली, वाटाण्याएवढ्या गोट्यांपासून मुठीएवढ्यापर्यंत. शेपू कमरेएवढा वाढलाय. वाइकेकडे, म्हणजे पलीकडच्या घरी, रुबार्बच्या आंबट देठांच्या केकची खानावळ आहे. ती आली, लेपा चाखला आणि म्हणाली, "अगं साल्मे, माझ्याकडचे लोक तुझ्याकडे पळणार." वाइके गोड बोलत नाही, त्यामुळे मला दिवसभर भूक लागली नाही.

आणि एवाल्डचं सामान. गेल्या आठवड्यात त्याची उरलेली सगळी खुर्च्या-बाकं आली. मग जेवणाचं टेबल आलं. मग मोठी लोखंडी कढई. आज भिंतीवरचं घड्याळ घेऊन उभा. म्हटलं, हे कशाला?

"पाहुण्यांना वेळ कळायला नको?"

"पाहुणे अंगणात बसणार. स्वयंपाकघरातलं घड्याळ त्यांना दिसेल कसं?"

"दिसणार नाही. टोले ऐकू येतील."

खिळा ठोकून, घड्याळ टांगून, किल्ली देऊन गेला. टोले मोठे आहेत. पहिल्या टोल्याला माझ्या हातातून अंडं सुटलं.

२८ जुलै, रविवार

आता बोकाही. कप्तान त्याचं नाव. टोपलीत घालून आणला, खिडकीतल्या खुर्चीवर सोडला. "पाहुण्यांना उंदीर दिसू नयेत."

"माझ्याकडे उंदीर नाहीत."

"बघ, कामाला लागलासुद्धा."

हसू दाबताना माझ्या पोटात दुखलं. असा शेजारी असला की हिवाळा निभतो. त्याच्या घरात आता बसायला काय उरलंय देव जाणे. सपाताही माझ्या बाकाखाली ठेवून गेलाय, म्हणे रोज बूट ओले होतात. परत न्यायला हातगाडीच लागेल त्याला.

२ ऑगस्ट, शुक्रवार

पिरेट दुपारच्या फेरीबोटीनं आली. उद्या. उद्या. उद्या. हात धुऊन लिहितेय तरी कागदाला धुराचा वास येतोय. एवाल्डनं काल आणि आज मिळून इतके लेपे आणले की दोन टप भरले. अर्ध्यांना धुरी देऊन झाली, अर्धे मिठात आहेत. राय धान्याचा काळा पाव भाजून झाला. पाटी रंगवली. टेबलांवर पांढरे कपडे, त्यावर बरण्यांतून रानफुलं. माझं अंगण इतकं देखणं मी कधी पाहिलं नव्हतं.

पिरेट घरात शिरली, घड्याळ बघितलं, खुर्चीतला कप्तान बघितला, मग वाकून बाकाखालच्या सपाता बघितल्या. "एवाल्डकाकांच्या घरी आता काय उरलंय?"

"भिंती," मी म्हटलं.

तिनं त्या सपाता नीट जोडीनं लावून ठेवल्या. पैजेची आठवण तिनंही काढली नाही, मीही नाही.

एकच गोष्ट. वारा पूर्वेचा सुटलाय आणि किनाऱ्यावरचे धोंडे उघडे पडायला लागलेत. मी तिकडे बघणार नाही. बघितलं नाही तर वारा पडेल.

४ ऑगस्ट, रविवार

कालचं काल लिहिणं शक्य नव्हतं. आता सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी उठले तर ऊन असं की दृष्ट काढावी. आणि समुद्र गायब. पूर्वेचा वारा जोरात सुटला की आमच्या खाडीतलं पाणी बाहेर ओढून नेतो. काल इतकं नेलं की जिथे एवाल्डची होडी तरंगते तिथे पाणपक्षी चिखलात फिरत होते. रेडिओवर सांगितलं, पाणी उतरल्यामुळे मुख्य भूमीवरून येणाऱ्या सगळ्या फेऱ्या बंद. दक्षिणेकडून सारेमा बेटाची बोटही बंद. सारेमाच्या लोकांसाठी तर मी मुद्दाम लहान लेपे बाजूला काढले होते.

वादळ असतं तर समजलं असतं. एवढं लख्ख ऊन, आणि सारे पाहुणे समोरच्या किनाऱ्यावर गाड्यांत बसून. आदल्या दिवशी आलेले थोडेफार होते, ते बंदराजवळच्या खानावळींतच अडकले. आमचं गाव आडबाजूला. बारा वाजले. घड्याळानं मोठमोठे टोले दिले. ऐकायला अंगणात मी, पिरेट आणि कप्तान. फुलं बरण्यांत माना टाकायला लागली.

पिरेट काही बोलत नव्हती. जिंकत असलेल्या माणसानं गप्प बसू नये, फार लागतं ते. तिनं उठून टेबलावरचा कपडा सरळ केला, उगाच. तिला वाईट वाटत होतं, हे तर आणखीच वाईट. मी एका बाकावर बसले आणि मनातल्या मनात घर आवरायला लागले. चुलीवरची किटली नेता येईल. होडीची खोली नेता येणार नाही. शेपू कोण काढणार.

तेवढ्यात एवाल्ड आला. फाटकाशी उभा राहून रिकामी टेबलं बघितली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ये, बस. जागाच जागा आहे."

तो बसला नाही. "वाइकेकडे कोणी आलंय?"

"कोण येणार? तिचा केक तीच खातेय. साऱ्या बेटावर आज घरोघरी मालक बसलेत, गिऱ्हाईक एकही नाही."

त्यानं मान हलवली, सायकल काढली आणि गेला. मला इतका राग आला. वाटलं, निदान एक लेपा तरी खाऊन जायचा.

अर्ध्या-पाऊण तासानं वाइके आली. हातात केकचं अख्खं ताट. "अगं, एवाल्ड घरोघर सांगत सुटलाय की साल्मेकडे पाय ठेवायला जागा नाही, उगाच जाऊ नका. म्हटलं बघू तरी कसली जत्रा भरलीय." तिनं अंगणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ताट टेबलावर ठेवलं आणि बसली. "लेपा आण."

तिच्यामागून तिचा भाऊ घरच्या बियरचं पिंप ढकलत आला. मग चर्चजवळचे लोक माशांच्या सूपचं पातेलं घेऊन. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून एक अख्खं कुटुंब, सोबत त्यांचं वाद्य आणि टोपलीभर पॅनकेक. प्रत्येकानं आपापल्या फाटकावरची पाटी उलटी केली होती आणि प्रत्येक जण तेच विचारत होता, "जागा नाही म्हणे?" जागा होती तोवर मी हसत होते. मग हसायलाही उसंत मिळाली नाही. होडीच्या खोलीतून सळया काढत होते, बटाटे उपसत होते, शेपू कापत होते. पिरेटनं बाह्या सरसावल्या. लोक हातानं खात होते, कातडी सोलून, काटे चोखून, बोटं चाटून, आणि बोलत नव्हते. आमच्याकडे जेवणाला याहून मोठी दाद नाही.

तावेत आला. आता ट्रक चालवतो, दारातून वाकून शिरावं लागतं. लहानपणी शाळेत कलेजी ताटाखाली लपवायचा आणि मी रोज पकडायची. काल तिसरा लेपा संपवून त्यानं ताट उचललं, खालची बाजू मला दाखवली आणि म्हणाला, "बाई, आज काही लपवलं नाही." मी त्याच्या डोक्यात टपली मारली आणि आत जाऊन जरा रडले. कोणाला कळलं नाही, धूर होताच.

बाहेर आले तर एवाल्डच्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या, बाकं भरली होती, दगडी कुंपणावर लोक, हातगाडीवर लोक, विहिरीच्या कठड्यावर दोन म्हाताऱ्या. आणि मधोमध माझी लेक, एका हातात ताट, दुसऱ्यात पेला, इकडेतिकडे बघत उभी.

"आई," ती म्हणाली, "मी कुठे बसू?"

म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. मग ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि खायला लागली.

एवाल्ड सगळ्यात शेवटी आला, सायकल ढकलत. "सांगितलं होतं मी लोकांना, जागा नाही."

"खोटं सांगत फिरलास."

"खोटं नाही. जरा लवकर सांगितलं." मग त्यानं उभ्यानं लेपा खाल्ला.

५ ऑगस्ट, सोमवार

पाणी परत आलं, पिरेट गेली. जाण्याआधी चुलीपाशी बसून म्हणाली, "हरले मी. टॅलिनचं नाव काढणार नाही. पण आई, पैजेनं माझी भीती जात नाही. हिवाळ्यात रोज सकाळी कोणीतरी तुला बघून जायला हवं. एवढी सोय कर, मग मी खरंच गप्प बसेन."

"एवाल्ड येतोच की, करवत मागायला."

"त्यांच्या खोपीत मी लहानपणापासून करवत टांगलेली बघतेय."

"मोडली असेल."

ती हसायला लागली, थांबेचना. माझ्या केसांवर ओठ टेकवले आणि गेली. काय एवढं हसण्यासारखं होतं?

दुपारी एवाल्ड आला. खिडकीतल्या खुर्चीत बसला, कॉफी घेतली, बराच वेळ कप्तानाची पाठ खाजवली. मग म्हणाला, "खानावळ झाली. आता सामानाचं काय करायचं?"

मीही चेहरा दगडाचा केला. "घेऊन जा, नाहीतर भाडं लावते. माझं घर म्हणजे काय तुझं गोदाम आहे?"

तो उठला, कप धुऊन पालथा ठेवला आणि गेला. फर्मास उत्तर होतं. जेवतानाही मला एकटीला हसू येत होतं.

६ ऑगस्ट, मंगळवार

हातगाडी घेऊन आला. टेबल, बाकं, खुर्च्या, कढई, सगळं चढवलं. घड्याळ उतरवून गोधडीत गुंडाळलं. सपाता घेतल्या. मी वेडी, हसत हसत दोरी बांधायला मदत केली. वाटलं थट्टा चाललीय, फाटकापाशी वळेल आणि काहीतरी बोलेल. वळला नाही. कप्तान गाडीवर बसून माझ्याकडे बघत गेला.

९ ऑगस्ट, शुक्रवार

करवत मागायला कोणी आलं नाही. काल नाही, परवा नाही, आजही नाही.

पिरेटचा फोन. "काका येतात ना रोज?" मी म्हटलं, येतात. लेकीशी खोटं बोलले.

भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता खिळा आहे. कॉफी दोघांची होते आणि अर्धी ओतून देते. एवाल्डची सवय झाली होती, असं लिहिलं आणि खोडलं. सवय बिवय काही नाही. मला तो हवाय. खुर्चीसकट हवाय.

१० ऑगस्ट, शनिवार

रानबेरी वेचायच्या निमित्तानं त्याच्या वाटेनं गेले. हाक मारायचं धैर्य झालं नाही. त्याच्या फाटकापाशी वळून मागे बघितलं आणि तिथेच उभी राहिले. तिथून माझं घर दिसत नाही, मध्ये झाडं आहेत. दिसतं ते फक्त माझं धुराडं. तेवढं मात्र अगदी स्वच्छ, त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

मी बारा महिने चुलीवरच कॉफी करते. रोज सकाळी तिथून धूर निघतो. मला उशीर झाला की करवत लवकर लागते.

बेरी वाटेतच सांडल्या. म्हणजे तो खुर्चीबद्दल बोलत होता तेव्हा. आणि घड्याळाबद्दल. आणि मी काय काय उत्तरं देत होते, स्वतःवर खूश होऊन. आम्हाला एकमेकांचं बरोबर कळतं, असं मीच लिहिलंय वर.

११ ऑगस्ट, रविवार

आज चूल पेटवली नाही.

पहाटेपासून अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहिले. हे चांगलं नाही, कोणाला असं घाबरवू नये, हे माहीत होतं. तरी पेटवली नाही. येणार नाही असंही वाटत होतं. मग वाटेवर पावलं वाजली. चालण्याची नव्हेत, धावण्याची. अंगणात बादली कलंडली. मी शाल गुंडाळून दार उघडलं तर एवाल्ड, दाढी न केलेला, शर्ट उलटा, एका पायात रबरी बूट आणि दुसऱ्यात सपात. धाप लागलेली. मला उभी बघितलं आणि त्यानं चौकट धरली.

मग चेहरा सरळ केला आणि म्हणाला, "करवत मागायला आलोय."

"हातात काय आहे मग?"

त्यानं खाली बघितलं. हातात करवत होती. घरातून धावत निघताना, नेहमीची सबब म्हणून, स्वतःचीच उचलून आणली होती. चेहरा तसाच दगडाचा, पण कान लालबुंद झाले.

मी हसले नाही. म्हटलं, "एवाल्ड, गोदामाचं मी थट्टेत बोलले होते."

"मला वाटलं खरं."

"आणि तू खुर्चीचं खरं बोलला होतास. मला वाटलं थट्टा."

तो दाराबाहेर बघत राहिला. "आणतो परत. पण एक अडचण आहे. मी इथे येऊन राहिलो तर सकाळी तुझा धूर कुठून बघू? आतून दिसत नाही."

"मग तूच चूल पेटवत जा," मी म्हटलं. "म्हणजे बघायला नको."

त्यानं करवत दाराशी टेकवून ठेवली, आत आला आणि चुलीपुढे गुडघ्यावर बसला.

१२ ऑगस्ट, सोमवार

उशिरा उठले. घड्याळाच्या टोल्यांनी जाग आली, ते परत खिळ्यावर आहे. चूल पेटलेली, कॉफी तयार, कप्तान खिडकीत. आल्डरची साल न काढताच चुलीत घातली होती, घरभर धूर. मी विचारलं नव्हतं म्हणे.

पिरेटला फोन केला. म्हटलं, रोज सकाळी एक माणूस येतो, ते आता बंद झालंय. ती हसायला लागली. या मुलीला सगळं आधीच कसं कळतं, देव जाणे.